पाच सीड्या आणि तीन कानसेन

वस्तू जितकी महाग, तितके तिचे किस्से जास्त! साधा मिक्सर घेतला तर त्याचं काय सांगणार? बिघडला, दुरुस्त केला, संपलं. पण मी घेतला एका वेळी पाच सीड्या मावणारा प्लेअर. जपानी, आणि वजन असं की उचलताना कंबर ओरडते. तेही सगळं जग फोनवर गाणी ऐकत असताना! आता कुठेही चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "अरे, ते तुझ्या मशीनचं सांग ना!" मशीनचं म्हणजे माझंच. या सगळ्या किश्शांत मशीन शहाण्यासारखं वागतं, मी नाही.

आमचं टोळकं तिघांचं. मी नाहूरचा. मुलुंडचा दामले, ज्याचा स्वतःच्या कानांवर भलताच विश्वास. आणि दिंडोशीचा सावंत, माझा ऑफिसातला जुना दोस्त, मूळचा मालवणचा. तो फक्त पोह्यांसाठी येतो, असं माझ्या बायकोचं, म्हणजे मेधाचं मत. दर रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये बैठक.

मला या सगळ्यातून एकच हवं होतं. मेधाने एकदा म्हणावं, "छान वाजतंय रे!" तिला गाण्याचा कान आहे, भाजी चिरतानाही सुरात गुणगुणते. पण माझं मशीन सुरू झालं की आत जाऊन दार लावून घ्यायची. "डोकं दुखतं," एवढाच अभिप्राय.

* * *

मशीन घरी आलं त्या संध्याकाळी शेजारच्या पारेखभाभी बघायला आल्या. मी ऐटीत बटण दाबलं. ट्रे हळूहळू बाहेर सरकला. मोठा गोल ट्रे, त्यात पाच गोल खळगे.

भाभी बराच वेळ निरखून बघत होत्या. मला वाटलं, भारावल्या.

"मस्त छे!" त्या मेधाला म्हणाल्या. "पण इडली एका टायमाला पाचच?"

मेधा म्हणाली, "हो ना. आणि भूक कोणाचीच भागत नाही!"

* * *

बैठकीचे नियम दामलेने केलेले. पंखा बंद, कारण पात्यांचा आवाज. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. मोबाइल बाहेर, चपलांच्या कपाटात. बोलायचं नाही, खोकायचं नाही.

मे महिना. तिघेही घामाने निथळत, माना खाली घालून, डोळे मिटून बसलेलो. सीडी नुकतीच संपलेली, सगळं शांत. तेवढ्यात कुरियरवाला आला. मेधाने दार उघडलं. त्याने अंधारी खोली बघितली, आम्हाला बघितलं आणि डोक्यावरची कॅप काढली.

"सॉरी मॅडम," तो मेधाला हळूच म्हणाला, "कब हुआ?"

मेधा पार्सल घेत म्हणाली, "हर संडे होता है!"

* * *

दामलेचे कान म्हणजे काय विचारता! त्याला रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या खुर्चीची करकरसुद्धा ऐकू येते म्हणे. एकदा संथ आलाप चालू होता. दामलेने माझा हात घट्ट धरला.

"ऐक! दोन सुरांच्या मध्ये गायकाचा श्वास ऐकू येतोय. आत घेतो, बाहेर सोडतो. याला म्हणतात डिटेल! हे फोनवर मिळणार आहे का?"

मी कान दिला. खरंच! लांब, खोल, भरदार श्वास. माझ्या अंगावर काटा आला. पैसे वसूल!

गाणं संपलं. श्वास चालूच राहिला.

आम्ही वळून बघितलं. सावंत सोफ्यावर डोकं टेकून गाढ झोपला होता.

* * *

या सावंतला मी बरेच दिवस मोठ्या चिकाटीने तयार करत होतो. एका रविवारी ठरवून माझ्या पाच सगळ्यात लाडक्या सीड्या लावल्या. पहिली संपली. मग मशीन थांबलं. ट्रे आतल्या आत फिरून दुसरी सीडी पुढे येईपर्यंत त्याला जरा वेळ लागतो. हॉलमध्ये पूर्ण शांतता.

सावंतने डोळे उघडले. चेहरा एकदम समाधानी.

"मेल्या," तो म्हणाला, "माका ह्यां सगळ्यात बरां वाटलां!"

* * *

सोसायटीच्या गणपतीत मी आपणहून मशीन दिलं. तेवढंच चारचौघांत मिरवायला! पहिल्या कप्प्यात आरत्यांची सीडी ठेवली. बाकीच्या चार कप्प्यांतल्या सीड्या काढायच्या राहिल्या. आणि मशीनवर, कोणती सीडी कधी वाजवायची ते त्यानेच ठरवायचं, हे बटण दाबलेलं.

पहिली आरती झकास झाली. आणि दुसऱ्या आरतीच्या जागी स्पीकरमधून सुटला ट्रम्पेट! फुल जॅझ!

माझी पाचावर धारण बसली. पण आमचे सेक्रेटरी डोळे मिटून टाळ्या वाजवत होते, ते थांबलेच नाहीत. त्यांचं बघून बाकीचेही थांबले नाहीत. झांजांनी ठेका पकडला. ताट फिरलं, प्रसाद झाला.

पुढच्या वर्षी सेक्रेटरींनी मला लिफ्टमध्ये गाठलं. "यंदा ती बँडवाली आरती आहे ना? पब्लिकला लय आवडली होती!"

मेधा शेजारीच उभी होती. ती लिफ्टच्या आरशाकडे तोंड करून हसत राहिली.

* * *

आता दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारचं सांगतो.

त्याआधी एक सांगायला हवं. माझ्या प्रत्येक स्पीकरला मागून वायरींच्या दोन जोड्या आहेत. खालची जोडी जाड आवाजांसाठी, वरची बारीक आवाजांसाठी. दामलेच्याच आग्रहावरून घेतलेल्या.

तर सीडी सुरू झाली आणि दामले खुर्चीत ताठ झाला.

"मुरलं!" तो ओरडला. नियम त्याचाच, मोडलाही त्यानेच. "मशीन मुरलं रे! मी म्हणत नव्हतो? नवं असताना आवाज टोचतो. वाजवून वाजवून गोलाई येते. बघ, नुसतं लोणी!"

सावंतनेही मान डोलावली. आणि मला तरी ते लोणी कसं ऐकू येणार नाही? आलंच. त्या गोलाईवर मी छोटंसं भाषणही ठोकलं.

तेवढ्यात मेधा पोहे घेऊन आली. एरवी बशा ठेवून आत जाते. त्या दिवशी गेली नाही. सोफ्याच्या कडेला टेकली. गाणं पुढे गेलं, तरी बसलेली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, उगाच उठून गेली तर! गाणं संपेपर्यंत ती हलली नाही.

मग म्हणाली, "छान वाजतंय रे."

खोटं कशाला सांगू, इतकी वर्षं या तीन शब्दांसाठी थांबलो होतो. दामलेने माझ्या पाठीवर थाप मारली.

"हल्ली डोकंही नाही दुखत," मेधा म्हणाली. "दिवाळीत स्पीकर हलवून मागची जळमटं काढली ना, तेव्हा सगळ्या वायरी निघाल्या होत्या. खालच्या लावल्या आणि वाजायला लागलं. मग वरच्या नाही लावल्या, पिशवीत ठेवल्यात. लावायच्या होत्या का रे?"

दामले पोह्यातल्या मिरच्या शोधून शोधून बाजूला काढायला लागला. सावंत माझ्याकडे बघत होता.

"छे गं," मी म्हणालो. "तू बस ना. दुसरी लावतो."