उसनीचे दात

ऑफिसात त्यांना सगळे खोडरबर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे, कारण काम तेच होतं. एका खेळाची पुस्तकं काढणारी ती छोटी प्रकाशनसंस्था. खेळ असा, की चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर, चोर, वैदू होतात, आणि वार लागला की हुकला ते फासे ठरवतात. वीर म्हटले की राक्षस आलेच. ते सगळे राक्षसकोशात असतात: कोण कुठे राहतो, काय खातो, कशाला भितो, कशाने मरतो. दहा-बारा वर्षांनी कोशाची नवी आवृत्ती निघते आणि राक्षसांचे स्वभाव बदलतात. पाण्याला भिणारा राक्षस नव्या आवृत्तीत खुशाल तळ्यात राहायला जातो. मग नकाशांत, गोष्टींत, तक्त्यांत जिथे जिथे तो अजून पाण्याला भीत असेल, तिथे डोळ्यांत तेल घालून शोधायचं आणि खोडायचं. तेवीस वर्षं खोडरबरांनी एवढंच केलं.

माणूस नाकासमोर चालणारा. साडेतीनशे राक्षसांच्या शेपट्यांची लांबी पाठ, पण स्वतःची छत्री महिन्यातून दोनदा ऑफिसात विसरायचे. चहाच्या वेळी कुणी सहज म्हणालं, की त्या डोंगरातल्या राक्षसाला तीन डोळे, तर हे कप खाली न ठेवता म्हणायचे, "दुसऱ्या आवृत्तीपर्यंत. आता दोन." पोरं हसायची. लग्न त्यांनी केलं नाही. घरात ते आणि त्यांचा थोरला भाऊ, दादा, नऊ वर्षांनी मोठा.

या दादानेच राक्षसकोशाची पहिली आवृत्ती लिहिली होती. संस्थाही त्याचीच होती, पुढे दुसऱ्यांनी विकत घेतली. दुसरी आवृत्ती आल्यावर खेळणाऱ्यांत भांडणं जुंपली, कुणी जुनं पुस्तक आपटायचा, कुणी नवं, तेव्हा दादाने एक नियम केला आणि तो प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापला: दोन आवृत्त्यांत वाद आला तर नवी खरी. त्या नियमावर संस्था चालली आणि खोडरबरांचं पोटही. दादाला त्याचा अभिमान होता. लेखकाने आपलं जुनं लेकरू कवटाळून बसू नये, असं तो म्हणायचा.

आता दादा एकाहत्तर वर्षांचा होता आणि त्याच्या डोक्यातून दिवस गळत होते. आधी कालचा गेला, मग मागचं वर्ष, मग ओळखीची माणसं. शेजाऱ्याला तो प्लंबर समजायचा आणि रोज नळ दाखवायचा. बिचारा शेजारी रोज नळ बघायचा. पण राक्षस मात्र जसेच्या तसे शाबूत होते. कोणताही विचारा, घडाघडा सांगायचा, आणि नेहमी शेवटच्या आवृत्तीप्रमाणे. खोडरबरांना या गोष्टीचा आधी आनंद झाला होता. घोडं अडलं ते उसनीपाशी.

उसनीची गोष्ट सांगायची तर पार मागे जायला हवं. खोडरबर सहा वर्षांचे होते, म्हणजे अजून कुणाचं काही खोडत नव्हते, तेव्हा त्यांची आई गेली. त्यानंतर रोज दिवेलागणीला त्यांना दाराबाहेरून आईची हाक ऐकू यायची. ते धावत जाऊन दार उघडायचे, बाहेर नुसता जिना असायचा, आणि मग जे रडू फुटायचं ते झोप लागेपर्यंत थांबायचं नाही. वडील कामावर. पंधरा वर्षांच्या दादाने मग एके संध्याकाळी त्यांना मांडीवर घेऊन सांगितलं, की ती आई नाही, ती उसनी आहे. तिला स्वतःचा आवाज नसतो. म्हणून ती, आपल्याला ज्याची सगळ्यांत जास्त आठवण येते, त्याचा आवाज उसना घेते आणि हाक मारते. ती काही करत नाही रे, दमलेली असते नुसती. तिला टेकायला जागा दिली की झालं. मग दादाने स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणून दाराजवळ ठेवलं. रोज ठेवायचा. हाक यायची, धाकटा स्टुलाकडे बघायचा, आणि हळूहळू रडणं थांबलं. पुढे हाकही थांबली.

पहिल्या आवृत्तीत दादाने उसनीला सहा ओळी दिल्या, खाली किती घाव सोसेल ते सांगणारे जीवनगुण नाहीत, वार नाहीत, काही नाही. त्यावर खेळणाऱ्यांची पत्रं आली, की जिला मारता येत नाही ती राक्षसीण कसली. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी दादा नियमांच्या पुस्तकात गुंतला होता, म्हणून कोश धाकट्याकडे आला. खोडरबरांनी एका दुपारी, जेवण आणि चहा यांच्या मध्ये, उसनीला दात लावले. चाळीस मिनिटं लागली. जो दार उघडेल त्याला ती उंबऱ्यावरच फाडते. हाक कितीही ओळखीची वाटली, कितीही रडवेली असली, तरी पूर्ण अंधार पडेपर्यंत दार उघडू नये. अंधार पडला की ती निघून जाते.

दादाने पान वाचलं, थोडा वेळ हातात धरून ठेवलं आणि म्हणाला, "चांगलं झालंय. आता भीती वाटते."

उसनी तुफान चालली. तिसऱ्या आवृत्तीत तिला दातांची दुसरी ओळ मिळाली आणि मुखपृष्ठावर जागाही. आणि आता, इतक्या वर्षांनी, दादा रोज संध्याकाळी दाराला आतून कडी घालून घरात थरथरत बसायचा, कारण बाहेरून धाकट्या भावाच्या आवाजात कुणीतरी हाक मारत असे.

दिवसभर दादाला सांभाळायला एक ताई येत. त्या पाच वाजता जात, खोडरबर साडेपाचला पोहोचत. कडी काढून टाकून पाहिली, तर दादाने टेबल सरकवून दाराला लावलं आणि त्यात अंगठ्याचं नख उखडून घेतलं. कडी परत बसवली. ताईंना थांबवून पाहिलं, तर दादा दोन्ही हातांनी कडी धरून लहान मुलासारखा रडायला लागला आणि ताईच घाबरल्या. शेवटी खोडरबर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून अंधार पडायची वाट बघू लागले. डबा मांडीवर, पाठ दाराला. उन्हाळ्यात संध्याकाळ लांबायची, तेव्हा दोन-दोन तास. अंधार पडला की कडी निघायची आणि दादा म्हणायचा, "अरे, आज फार उशीर केलास. ती येऊन गेली." आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

त्यांनी समजावून पाहिलं नाही असं नाही. दाराबाहेरून त्यांनी पहिल्या आवृत्तीतल्या सहा ओळी म्हणून दाखवल्या. आतून शांत उत्तर आलं, "ती जुनी आवृत्ती. आता ती तशी राहिली नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी, दादा बरा असताना, त्यांनी त्या ओळी एका कागदावर टाइप करून दिल्या. दादाने कागद उलटसुलट पाहिला आणि परत केला. म्हणाला, ही चिठ्ठी झाली, पुस्तकात दाखव. जन्मभर पुस्तकं काढलेला माणूस तो, त्याला कागद आणि पुस्तक यांतला फरक कळायचा. धाकट्याचं नाव मात्र त्या सकाळी त्याला आठवलं नव्हतं.

तेव्हा खोडरबरांच्या ध्यानात आलं, की दादाने दार उघडायला हवं असेल तर उसनीचे दात नव्या आवृत्तीत काढावे लागतील. चौथी आवृत्ती चालूच होती, छापून यायला आठ महिने होते. दादाकडे किती आहेत, ते डॉक्टरही सांगत नव्हते.

नवी संपादिका तिशीतली, हुशार, बोलायला फटकळ. दुसरी आवृत्ती खेळतच मोठी झालेली. खोडरबर आयुष्यात पहिल्यांदा काही मागायला तिच्या खोलीत गेले आणि मागायची सवय नसल्यामुळे त्यांनी सगळी खोटी कारणं सांगितली. उसनीचे तक्ते जुळत नाहीत, दातांची संख्या दोन ठिकाणी वेगळी आहे, मूळ कल्पना हरवली आहे. तिने नीट ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. काका, तेवीस वर्षं लोक तिला घाबरतायत, माझा पहिला वीर तिनेच खाल्ला, मी दोन दिवस जेवले नव्हते, आणि तिचे दात काढून तुम्ही तिला स्टुलावर बसवणार? एरवी हे ऐकून खोडरबर स्वतःही हसले असते. ते उठले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच उभे राहिले.

"माझा भाऊ मला घरात घेत नाही," ते म्हणाले. "मीच लिहिलंय तसं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, पायरी, डबा, नखासकट. संपादिकेने पुढ्यातली पानं बाजूला सारली. शेवटी ती म्हणाली की अर्धा रकाना देते, तुम्हीच लिहा, आणि लोकांच्या शिव्या मी खाईन. डोळे पुसायला तिने तोंड खिडकीकडे वळवलं, तेव्हा खोडरबर पटकन बाहेर निघून गेले. दुसऱ्याचं रडणं बघायचं कसं, हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

लिहिलं त्यांनी काहीच नाही. दादाच्या सहा ओळी होत्या तशा उतरवल्या. एका ठिकाणी स्वल्पविराम चुकला होता, तोही ठेवला.

ते आठ महिने वाईट गेले. दादाने जेवण कमी केलं. मधूनच तो खोडरबरांना 'अहो' म्हणू लागला, घरी आलेल्या परक्या माणसाला म्हणावं तसं, अदबीने. ते अदबीने बोलणं खोडरबरांना फार लागलं. भाऊ चिडला असता, मारायला धावला असता तर चाललं असतं. संध्याकाळी मात्र दाराआडून हाक ऐकल्यावर तो अजून घाबरायचा, आणि खोडरबरांना पायरीवर बसल्या बसल्या वाटायचं, घाबरतोय म्हणजे आवाज ओळखतोय. तेवढ्यावर ते दिवस काढत होते.

पुस्तक आलं त्या दिवशी पहिली प्रत संपादिकेने त्यांच्या टेबलावर आणून ठेवली आणि घरी जायला सांगितलं. साडेचार वाजले होते. पण उसनीची वेळ, म्हणजे तिन्हीसांजा, व्हायलाच हव्यात, म्हणून ते उगाच दोन रस्ते जास्त चालले. पायऱ्या चढून त्यांनी दारावर टकटक केलं.

"दादा, मी आलोय."

आत खुर्ची सरकली. कडीवर हात पडल्याचा आवाज आला, घट्ट धरल्याचा.

"नवी आवृत्ती आलीय," ते म्हणाले. "चौथी. तू बघ आधी."

दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून त्यांनी पुस्तक आत धरलं. हात भरून आला तरी धरून ठेवलं. मग पलीकडून कुणीतरी ते घेतलं. पानांचा आवाज आला. दादाने आधी पहिलं पान काढलं असणार, आवृत्तीचा आकडा, मग तो नियम. तशी त्याची पद्धतच होती. मग बराच वेळ पानं उलटत राहिली. मग तो मोठ्याने, एकेका शब्दावर बोट ठेवत असावा इतक्या हळू, स्वतःच लिहिलेलं वाचू लागला.

"उसनी. हिला स्वतःचा आवाज नाही. दिवेलागणीला दाराशी येते आणि घरातल्या माणसाला ज्याची सर्वांत जास्त आठवण येत असेल, त्याच्या आवाजात हाक मारते. ती काही करत नाही. दार उघडावं, बसायला द्यावं, नाव विचारू नये. सकाळी ती आपण होऊन जाते."

त्याने ते पुन्हा एकदा वाचलं. खोडरबरांनी कपाळ दाराला टेकवलं होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच अंधार पडायच्या आत कडी निघाली.

दादा चष्मा कपाळावर चढवून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. खोडरबरांनी ओठ उघडले, पण दादा आधीच वळून स्वयंपाकघरात गेला होता. तो लाकडी स्टूल घेऊन आला, दाराजवळ ठेवलं आणि हाताने पुसलं.

"ये," तो म्हणाला. "बस. दमली असशील. नाव नाही विचारत मी."

खोडरबर बसले. दादाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं, जुन्या ओळखीच्या राक्षसाकडे बघावं तसं, मायेने.

"आवाज अगदी हुबेहूब काढतेस. माझ्या धाकट्याचा." मग तो जवळ येऊन, आतल्या खोलीत कुणी ऐकेल म्हणून आवाज उतरवून म्हणाला, "तो येईलच आता. लहान आहे. आईच्या आवाजात त्याला हाक मारू नकोस. फार रडतो तो."

खोडरबरांना खूप काही सांगायचं होतं. सहा ओळींत ते बसत नव्हतं.

"नाही मारणार," ते म्हणाले.

दादाने मान हलवली. ते दार लावायला उठले तर त्याने हाताने खूण करून थांबवलं आणि स्वतः उंबऱ्यापाशी जाऊन जिन्याकडे बघत उभा राहिला. दार त्याने सताड उघडं ठेवलं, धाकटा यायचा होता म्हणून.