दगडावरचे पोपट

रस्त्यात काही सुरेख दिसलं की आप्पा त्याच्याकडे पाठ फिरवत, खिशातून वाटोळा आरसा काढत आणि त्यात बघत उभे राहत. भवानी पेठेतल्या लोकांना वाटे, म्हातारा भांग बघतोय. आप्पांच्या डोक्यावर भांग पाडण्याइतके केस नव्हते, हे कुणाच्या लक्षात येत नसे. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो.

कारण धंद्यातलं होतं. आमच्या छापखान्यात खिळ्यांची छपाई होती तशीच शिळाछापाचीही, म्हणजे दगडावरून छापायची. मी एका खोलीत खिळे जुळवत असे आणि शेजारच्या खोलीत आप्पा तेलकट खडूने दगडावर चित्रं काढत. दगडावर उलटं काढावं तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. लुगड्यांच्या घड्यांवरची, चादरींवरची, तेलाच्या बाटल्यांवरची लेबलं त्यांच्या हातची. "नोडरी," ते मला आरसा दाखवत. "बगा की, ह्यो मोर उजवीकडं बगतुय. दगडावर त्याला डावीकडं बगाया लावायचा." नोडरी म्हणजे बघा. एकदा कानडीत आणि एकदा मराठीत सांगितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे.

मंगळवारच्या बाजारात ते भाजीला म्हणून जात आणि भलतंच काही घेऊन येत. मोडकी समई, गंजिफाचा एकुलता एक पत्ता, पाळण्यावरची लाकडी चिमणी. त्या दिवशी त्यांच्या घरी कालवण कशाचं होई देव जाणे. पण पुढच्या लेबलावर ती चिमणी हमखास येऊन बसे.

आता यातली वाईट गोष्ट सांगतो. दगड महागाचे, परदेशातून येणारे. एक काम छापून झालं की दगड घासून कोरा करायचा आणि त्यावर दुसरं काढायचं. घासण्याचं काम चाचाकडे होतं. आमच्याकडे रीत अशी की राखायच्या दगडाचं तोंड आपल्याकडे आणि पुसायच्या दगडाचं तोंड भिंतीकडे. भिंतीकडचा दगड चाचा उचलायचा, मान दुसरीकडे वळवून त्यावर पाणी आणि वाळू टाकायचा आणि वरून दुसरा दगड फिरवायचा. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "तस्वीर देखे तो हात नै चलता, बाबू." म्हणून तो बघतच नसे.

महिनाभर खपून काढलेलं चित्र असं वाहून जाताना आप्पा बाजूला उभे असत. "होगली बिड्री," म्हणत. जाऊ द्या हो. आणि नव्या कामाला बसत. मला तेव्हा वाटे, या माणसाला खरंच काही वाटत नाही.

मग बाजारात त्यांना ती चिंधी मिळाली. कुणीतरी जुन्या भांड्यांना गुंडाळलेली, कुठल्याशा लुगड्याच्या काठाची. काठावर पोपटांची ओळ होती. पेठेतल्या एका म्हाताऱ्या विणकराला त्यांनी ती दाखवली. तो म्हणाला, हे आमचे वडील विणत, आता कुणी मागत नाही. आप्पा सरळ मालकाकडे गेले आणि एक दगड मागितला. गिऱ्हाइकासाठी नाही, स्वतःसाठी. मालकाला इतकं नवल वाटलं की त्याने तो देऊन टाकला.

संध्याकाळी काम सुटलं की आप्पा तासभर त्या दगडापाशी बसत. चिंधीत काठ होता तेवढाच. त्यांना अख्खा पदर काढायचा होता. पोपट, वेली, खाली कोयऱ्या. असं काही मी पुन्हा पाहिलं नाही. आम्ही सगळे मागे लागलो होतो, "आप्पा, एक छाप तरी काढून बघा."

"एक पोपट ऱ्हायलाय की," ते म्हणत. तो काढून झाला की आणखी एक राहिलेला असे. त्यांना लेबलासारखी घाई करायची नव्हती. आयुष्यभर घाईच तर केली होती.

गड्ड्याच्या जत्रेला वळसंगहून त्यांची बहीण मुलाबाळांसह आली. आप्पांना ती अण्णा म्हणे; अण्णाचं चित्र बघायचं म्हणून सगळी छापखान्यात शिरली. हातात भजी होती. दगडाला तेलकट बोट लागलं तर तेही छापात उमटतं. पोरं पुढे सरकायला लागली तसे आप्पा घाबरले आणि त्यांनी चटकन दगड फिरवला. तोंड भिंतीकडे. मग सगळ्यांना घेऊन जत्रेला गेले आणि फिरवलेला दगड तसाच राहिला.

सकाळी ते आले तेव्हा चाचाचं घासणं संपत आलं होतं. दगडावरून राखाडी पाणी ओघळत होतं. आप्पांचा चेहरा बघून चाचाचे हात थांबले. "आप्पा, ये तुमारा था क्या?"

"व्हय," आप्पा म्हणाले. मग म्हणाले, "होगली बिड्री." आणि तेलाच्या लेबलाला बसले.

पुढे मी एकदा म्हटलं, "चिंधी आहे की अजून. पुन्हा काढा."

"चिंधीत चारच पोपट हुते," ते म्हणाले. "बाकीचे माजे हुते."

त्यानंतर तो आरसा रस्त्यात बाहेर निघाला नाही. लेबलं निघत होती, चांगलीही होती. पण मंगळवारी ते नुसती भाजी घेऊन येऊ लागले, आणि ते बघणं मला जड जाई. त्या दगडावर त्यांनी पुन्हा खडू टेकवला नाही. पुढे डोळे अधू झाले तेव्हा बहिणीकडे वळसंगला गेले आणि तिथेच वारले.

त्यांच्या जागी आलेल्या पोरसवदा चित्रकाराने तोच दगड घेतला. साबणाचं लेबल होतं. पहिला छाप निघाला तर कोपऱ्यात काहीतरी पुसट आलेलं. दगड तेल पितो, घासणं उथळ झालं तर खालचं वर येतं. चोच होती, डोळा होता, मानेचा बाक होता. चिंधीत होता तसाच, उजवीकडे बघणारा.

"दगड नीट घासलेला नाही," चित्रकार म्हणाला. "पुन्हा घासा."

चाचाने तो कागद घेतला, घडी न करता माझ्या हातात दिला आणि दगड उचलून हौदापाशी नेला. या वेळी त्याने मान वळवली नाही. दगडाकडे बघत त्याने वाळू टाकली, पाणी टाकलं आणि वरचा दगड हातात धरून तो तसाच थांबला. आम्ही दोघेही थांबलो होतो. पण "होगली बिड्री" म्हणणारं कुणी नव्हतं.