टेंबेकाकांच्या विमानाचा खोकला

व्हिडिओ मला माझ्या मित्राला, आल्हादला पाठवायचा होता. तो गेला महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर. खाली मी हौसेनं लिहिलं होतं, 'काकांचं विमान खोकून राहिलंय, कुणी अडुळशाचा काढा पाठवा.' मी तो पुसेपर्यंत जबलपुरातल्या निम्म्या मराठी घरांत ते विमान खोकून झालं होतं आणि दोन काकूंनी काढ्याची कृतीही टाकली होती. एकीनं तर ज्येष्ठमधाचं प्रमाणसुद्धा दिलं.

व्हिडिओतले काका म्हणजे मुरलीधर टेंबे. मी त्यांच्याच घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहतो, त्यामुळे तोंड लपवायला जागा नव्हती. सैन्याचे ट्रक बनतात त्या कारखान्यात काकांनी जन्मभर इंजिनं तपासली. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, भजनी मंडळात जातात. काकांनी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका दोस्ताच्या शेडचा अर्धा भाग मागून घेतला आणि दोन माणसांचं विमान बांधायला सुरुवात केली. ॲल्युमिनियमचे पाइप, त्यावर ताणलेलं कापड, पाठीमागे इंजिन आणि त्याचा पंखा. उडायची परवानगी अजून यायची होती, तोवर ते शेडमागच्या मैदानात जागेवर उभं राहून गुरगुरायचं. दसऱ्यापर्यंत छान गुरगुरत होतं. मग खोकायला लागलं. सुरू व्हायचं झोकात, थोड्या वेळानं अडखळायचं, आचके द्यायचं आणि बंद पडायचं.

व्हिडिओ फिरत फिरत बळीरामकडे गेला. बळीरामचा सिहोरा रोडवर ढाबा आहे. तो थेट घरी आला आणि टेंबेकाकूंना म्हणाला, "दीदी, उड़ना तो इसको है नहीं. छत पे लगा दूँगा, लाइट-वाइट मार के. दूर से दिखेगा."

विनताकाकूंचे डोळे चमकले. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करताना ज्या फायली वर्षानुवर्षं हलत नाहीत त्या कशा हलवायच्या, हे त्या शिकल्या होत्या. काकांचं विमान ही त्यांच्या मते अशीच एक फाईल होती.

"विकून टाका हो," त्या म्हणाल्या. "निदान छतावर तरी चढेल."

काका चहाचा कप तसाच ठेवून उठले. तेव्हा काकू जरा नरमल्या, पण फक्त जराच. त्या दिवशी मी सिहोऱ्याच्या आमच्या घरून मटाराचं पोतं आणलं होतं. त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "रविवारी मी येते शेडवर. टोपलीभर मटार सोलून होईपर्यंत बंद न पडता चाललं तर ठेवा. बंद पडलं तर बळीरामभैया घेऊन जातील."

"मंजूर," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि तू काहून हसून राहिला? आता रोज यायचं शेडवर. काढा घेऊन."

गेलो. डिप्लोमा माझाही आहे, त्यामुळे सल्ले माझ्याकडेही होते. काकांचा नियम मात्र कारखान्यातला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बरं झालं, तर कशानं झालं ते कळत नाही. पहिल्या दिवशी प्लग बदलले. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, झाकण लावलं, इंजिन सुरू केलं. सुरेख चाललं! काकांनी मला जलेबी खिलवायचं कबूल केलं, आणि तेवढ्यात खोकला. जलेबी रद्द. दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर धुतला. झाकण उघडलं, पेट्रोल बघितलं, सुरू केलं. पुन्हा सुरेख, पुन्हा खोकला. मग पेट्रोलची जाळी. मग मी पेट्रोल पंपवाल्यावर संशय घेतला, काकांनी माझ्यावर.

"तू नजर लावली बे, व्हिडिओ काढून."

"काका, नजर दूर करायला लिंबू-मिरची बांधू का पंख्याला?"

"तुला बांधतो."

रविवारी सकाळी काकू खुर्ची, टोपली आणि पातेलं घेऊन ऐटीत आल्या. बळीराम टेप घेऊन आला होता. पंखांची लांबी मोजत होता. काका सीटवर बसले, कानांवर आवाज अडवणारे पट्टे चढवले. इंजिन लागलं, गवत मागे सपाट झालं, काकूंनी पहिली शेंग फोडली.

टोपली निम्मी झाली असेल. इंजिनानं एक उचकी दिली. मग दुसरी.

"खाँसा! खाँसा!" बळीराम आनंदानं ओरडला.

मी काकांकडे बघितलं. सीटच्या पाठीमागे टाकी आहे. काकांनी सवयीनं हात मागे नेला आणि पेट्रोल उरलंय का बघायला झाकण फिरवलं. आजवर ते इंजिन बंद पडल्यावर उघडायचे. आज घाईत चालू इंजिनातच उघडलं. आणि खोकला थांबला! काकांनी झाकण लावलं. जरा वेळानं पुन्हा आचके. उघडलं, पुन्हा गाडी रुळावर. काकांनी झाकण काढून डोळ्यांसमोर धरलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी टाळ्याच वाजवणार होतो.

त्या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खर्च होईल तशी त्यातून हवा आत जायला हवी, नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. कारखान्याच्या रिवाजानं दसऱ्याला काकांनी विमानाची पूजा केली होती. इंजिनाला टिळा, पंख्याला टिळा, सीटला टिळा, आणि झाकणालाही, तुपात कालवलेल्या शेंदराचा चांगला जाड टिळा. रोज आम्ही एकच गोष्ट बदलत होतो आणि झाकण उघडणं ही गोष्ट मोजतच नव्हतो.

"पिन!" काका ओरडले. "पिन आण!"

मी काकूंकडे धावलो. तेव्हा बघितलं: काकूंचे हात यंत्रासारखे चालले होते. शेंगा फुटत नव्हत्या, सालासकट पातेल्यात पडत होत्या.

"दीदी, ये तो छिलके समेत जा रहा है!" बळीराम कळवळला.

"तुम विमान देखो, भैया. मटर मेरा है." आणि दुसऱ्या हातानं खांद्यावरची सेफ्टी पिन काढून मला दिली, पदर दातांत धरला. "पळ!"

पंखा मागे, म्हणून मी पुढून गेलो. काकांनी पिनेनं शेंदूर खरवडला, भोकातून आरपार उजेड बघितला आणि झाकण घट्ट लावलं. त्यानंतर इंजिन खोकलं नाही. टोपली संपली. काकूंनी ती बळीरामला उलटी करून दाखवली.

"बंद तो हुआ था..."

"खाँसा था. बंद नहीं हुआ. शर्त बंद पडण्याची होती."

बळीरामनं टेप गुंडाळला. निघताना मला म्हणाला, "तेरा काका तो ठीक है, काकी से बच के रहना." काका अजून बंद करायला तयार नव्हते. इंजिन चालूच, ते नुसते बसून ऐकत होते. काकूही खुर्ची विमानाकडे वळवून बसल्या, पदर हातानं सावरत.

ते सालाचे मटार संध्याकाळी कोणी सोलले, हे विचारू नका.

पिन काकांनी दोऱ्यात ओवून टाकीच्या बाजूला लटकवलीय, कायमची. काकू दर दोन दिवसांनी विचारतात, "अहो, माझी पिन?" काका म्हणतात, "अरे हो, सदर बाजारातून नवी आणतो ना." सदरला ते रोज जातात. भाजी आणतात, बिस्किटं आणतात, इंजिनाचं तेल आणतात. पिन अजून आलेली नाही.