न बदललेलं तेल

इर्या बोटींच्या आवारात काम करायची. फिनलंडच्या त्या बेटावर ऑक्टोबरात समुद्र गोठायची चाहूल लागली, की सगळ्यांच्या बोटी तिच्याकडे यायच्या. इंजीन थोडा वेळ चालवून तेल गरम करायचं, जुनं उपसायचं, नवं भरायचं, बोट छपराखाली ओढायची. सव्वीस वर्षांत तिच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती.

त्या वर्षी मात्र रात्री कडक थंडी पडणार म्हणून सांगावा आला आणि सात बोटी शिल्लक होत्या. एस्किलकाकांची शेवटची. इंजीन गार पडलेलं. तिनं तेल मोजायची कांडी बाहेर काढून पाहिली. तेल काळं होतं, थोडं दुधाळही, म्हणजे आत पाणी शिरलेलं. 'एक हिवाळा निघेल,' असं मनाशी म्हणत तिनं बोटीच्या कामाच्या चिठ्ठीवर लिहिलं: तेल बदललं.

जूनमध्ये एस्किलकाकांचं इंजीन भर समुद्रात जाम झालं. पाच तास ते वाऱ्याबरोबर वाहत गेले. बोट आवारात आल्यावर इर्यानंच इंजीन उघडलं. आत सगळा गंज. काका शेजारी उभे होते.

"तेलाच्या इशाऱ्याचा लाल दिवा लागला असणार, मीच पाहिला नाही," ते म्हणाले. "डोळे गेले माझे."

बोलायची वेळ तीच होती. इर्या फडक्याला हात पुसत राहिली.

मग काकांच्या मुलीनं, गुनवोरनं, आता तुम्हाला झेपत नाही म्हणत बोट विकायला लावली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काका खिडकीशी बसले. दुकानात भेटले की इर्याला म्हणायचे, "तू होतीस म्हणून इतकी वर्षं टिकली गं ती." दोन वर्षं ती त्यांना पाहून रस्ता बदलत राहिली.

तिसऱ्या ऑक्टोबरात, एका बोटीचं तेल उपसताना नळीतून तसंच दुधाळ तेल आलं. इर्यानं काम तिथंच थांबवलं आणि तशाच मळक्या कपड्यांत ती काकांच्या दारी गेली.

"काका, तुमचं तेल मी बदललंच नव्हतं. खोटं लिहिलं. इंजीन माझ्यामुळे गेलं."

"दोन उन्हाळे मी स्वतःला म्हातारा समजलो," काका म्हणाले. "गुनवोर आत आहे. तिच्यासमोर सांग."

इर्यानं सांगितलं. गुनवोर कॉफी ओतत होती; तिनं इर्यापुढचा रिकामा कप उचलून परत कपाटात ठेवून दिला.

"घरी जा तू," ती म्हणाली.

पुढच्या मे महिन्यात काकांनी एक लहानशी जुनी बोट घेतली. ती ते इर्याच्या आवारात आणत नाहीत. तेल स्वतः बदलतात, दुखरे गुडघे टेकून, दुपारभर. धक्क्यावर इर्या दिसली तर मान हलवतात, थांबत मात्र नाहीत. ते थांबावेत असं तिला वाटतं, आणि थांबवायचा हक्क आपल्याला नाही हेही तिला कळतं.