चार कोपऱ्यांचे ओरखडे

भिंगमिस्त्रींना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. खिशात पेनाऐवजी भिंग बाळगणाऱ्या इंजिन मिस्त्रीला लोक दुसरं काय म्हणणार? भाजीवाल्याचा तराजू, औषधाच्या बाटलीवरची तारीख, बायकोने ‘अगदी नवी’ म्हणून आणलेली छत्री, सगळं त्या भिंगाखालून जायचं. बायको म्हणायची, “लग्नाच्या वेळी यांच्याकडे भिंग नव्हतं, म्हणून माझं निभावलं.”

पण दोन वर्षांपासून हा संशय नुसता हसण्यावारी नेण्यासारखा राहिला नव्हता. मिस्त्रींची मुलगी गाड्यांच्या शर्यतीत उतरायची, आणि तिच्या गाडीचं इंजिन बापाने स्वतःच्या हाताने बांधलेलं असायचं. दोन वर्षांपूर्वी भर शर्यतीत ते इंजिन जाम झालं, चाकं जागच्या जागी अडकली आणि गाडी कठड्यावर आदळली. मुलीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. थोडक्यात वाचली, एवढंच.

त्या इंजिनाचे पिस्टन मिस्त्रींच्या साडूच्या दुकानातले होते. फोर्ज्ड, म्हणजे साच्यात ओतलेले नव्हे, ठोकून घडवलेले. शर्यतीच्या इंजिनाला तेच लागतात. मिस्त्री तडक दुकानात गेले आणि बिघडलेला पिस्टन काउंटरवर आपटला. “फोर्ज्ड सांगून ओतीव माल माझ्या गळ्यात मारलास. माझ्या पोरीच्या जिवाशी खेळलास.” साडूने पिस्टन उचलून फिरवून पाहिला, मग मिस्त्रींकडे पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता खाली ठेवला. गप्प बसला म्हणजे चोर, असा निकाल लावून मिस्त्री घरी आले. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद. सख्ख्या बहिणी दवाखान्याचं निमित्त काढून भेटू लागल्या.

आता हाड जुळलं होतं. शर्यत अठरा दिवसांवर आली होती. एके सकाळी मुलीने चार पिस्टनचा खोका बापाच्या टेबलावर ठेवला.

“कुठून आणलेस?”

“दुकानातून.”

“कोणत्या?”

“बाबा, पिस्टन बघा ना. दुकानाचं काय करायचंय?”

पोरगी नजर चुकवतेय हे मिस्त्रींनी भिंगाशिवाय ओळखलं. पिस्टन उलटे करून त्यांनी आतल्या बाजूला साच्याचा सांधा कुठे दिसतो का ते पाहिलं. नव्हता. चारही तोलले, वजनात एका ग्रॅमचाही फरक निघेना. सगळं इतकं बरोबर निघालं की मिस्त्रींचा संशय उलट वाढला. एवढा चोख माल आपल्या नशिबी कसा?

त्याच संशयात ते बोअरिंगवाल्याकडे गेले. हा एका कानाने कमी ऐकणारा, काडीसारखा माणूस. सिलिंडर मापात कापून देणं हे त्याचं काम. खोक्यातली चिठ्ठी वाचून तो म्हणाला, “पिस्टन आणि सिलिंडरमध्ये फट नेहमीच्या दुप्पट ठेवावी लागेल. हा माल गरम झाला की जास्त फुगतो.”

“का? मशीन झिजलंय वाटतं तुझं? ढिलं कापायला बरी सबब सापडली.”

“चिठ्ठीत लिहिलंय, मिस्त्री.”

“मग मागच्या वेळी का नाही बोललास?”

“दोनदा बोललो. तुम्ही म्हणालात, माझ्या नेहमीच्या मापाने काप. माझं इंजिन कधी खडखडत नाही.”

मिस्त्री असंच म्हणाले होते, शब्दन् शब्द. फट जास्त ठेवली की इंजिन गार असताना थोडं वाजतं, आणि मिस्त्रींचं इंजिन सुरू आहे की बंद हे हात लावून बघावं लागतं, अशी त्यांची ख्याती. ती त्यांनी वीस वर्षं जपली होती.

गॅरेजमध्ये परत येऊन त्यांनी खालचा खण उघडला. जुना पिस्टन फडक्यात गुंडाळलेला होता. पुरावा म्हणून दोन वर्षं जपला, पण जगातल्या सगळ्या वस्तूंवर धरलेलं भिंग त्याच्यावर एकदाही धरलं नव्हतं. निकाल आधीच लागला होता, पुरावा तपासतो कोण? आता धरलं. आत साच्याचा सांधा नव्हता. माल अस्सल फोर्ज्ड होता. बाहेरच्या गोल अंगाला, चौकोनाचे कोपरे यावेत तशा चार जागी, चार खोल ओरखडे होते. नवशिक्यालाही ते वाचता आले असते: पिस्टन फुगला, त्याला जागा मिळाली नाही, आणि सिलिंडरला घासून तो जाम झाला. पोरीचं हाड साडूने नाही, बापाच्या तोऱ्याने मोडलं होतं.

मुलगी चहा घेऊन आली आणि टेबलावरचा पिस्टन बघून थांबली.

“तुला ठाऊक होतं?” मिस्त्रींनी विचारलं.

“मावशीकडचे काका हॉस्पिटलात आले होते, तुम्ही औषधं आणायला गेला होतात तेव्हा. त्यांनी सांगितलं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तेच म्हणाले, ‘नको सांगूस. आपल्या हातून पोरीचं असं झालं हे कळलं तर तुझ्या बाबाचा हात थरथरायला लागेल, परत पाना धरणार नाही. मला चोर म्हणतोय तोवर निदान काम तरी करेल.’” तिने चहा ठेवला. “हे पिस्टनही त्यांच्याकडचेच आहेत.”

चहा तसाच राहिला. मिस्त्री जुना पिस्टन, नवा खोका आणि मोजायचा मायक्रोमीटर घेऊन साडूच्या दुकानात गेले. दोन वर्षांनी दारात उभा राहिलेल्या माणसाच्या तोंडाकडे साडूने पाहिलं नाही. आधी हातांकडे पाहिलं. ते थरथरत होते.

“ओतीव नव्हता,” मिस्त्री म्हणाले.

“माहीत आहे.”

“दोन वर्षं चोर म्हणालो तुला.”

“तेही माहीत आहे. बस.”

मिस्त्री बसले नाहीत. मायक्रोमीटर काउंटरवर ठेवून म्हणाले, “हे पिस्टन तू मोज. माझ्या मापावर माझाच भरवसा राहिला नाही. पोरगी बसणार आहे त्या गाडीत.”

साडूने मायक्रोमीटर परत त्यांच्या हातात दिला. मग वाकून त्यांच्या खिशातलं भिंग काढून घेतलं आणि डोळ्याला लावलं.

“तूच मोज,” तो म्हणाला. “मी बघतो.”