मीराबाईचा खुबा

हमरस्त्यावरच्या जाम गावच्या चौकात बस थांबली की मीराबाई संत्र्यांची टोपली घेऊन धावत खिडकीपाशी पोचायची. बाकीच्या विकणाऱ्या बाया तिच्या मागून यायच्या. एकदा अशीच धावताना मोटारसायकलीनं तिला उडवलं आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या एका दवाखान्यात धातूचा सांधा बसवला. पावसाळा सरेपर्यंत चालू लागशील, असं डॉक्टर म्हणाले होते.

पावसाळा सरला, हिवाळाही गेला. ठणका थांबला नाही. डॉक्टरांनी सुई घालून सांध्यातलं पाणी काढलं, तपासायला पाठवलं. त्यात जंतू सापडले नाहीत. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी सांगितलं की सांधा ठीक आहे, बाईनं मनातली भीती काढावी.

नवरा नत्थू त्या दिवसापासून बदलला. तो वाईट माणूस नव्हता. पण घरी आल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर म्हन्ते काई नाई, मंग तुलेच काऊन दुखते?"

"आतमंदी काईतरी सडून राह्यलं," ती म्हणाली. तो नुसताच उठून बाहेर गेला.

पुढं ताप येऊ लागला. पाय टेकवेना. तेव्हा मुलगी नंदिनीनं तिला दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात नेलं. सांधा सैल झाला होता, तो काढावाच लागणार होता. तिथं अपेक्षा नावाची तरुण डॉक्टर संशोधन करत होती. तिनं समजावलं की काही जंतू धातूवर चिकट थर करून त्याच्या आत दडून बसतात. ते सांध्यातल्या पाण्यात उतरत नाहीत, म्हणून नेहमीच्या तपासणीत सापडत नाहीत. नेमक्या त्या थरालाच चिकटणारी प्रतिपिंडं तिच्या प्रयोगशाळेत तयार केली होती. त्यांना चमकणारा रंग जोडला की लपलेला थर दिसायचा.

काढलेल्या सांध्यावर तिनं तो प्रयोग केला. सूक्ष्मदर्शकाखाली धातूवर हिरवे चट्टेच चट्टे उजळले. नत्थूनं डोळा लावून पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. नंदिनीनं विचारलं, हे आधी कळलं असतं तर? अपेक्षा म्हणाली की ही तपासणी अजून प्रयोगातच आहे, बाहेर कुठंच मिळत नाही.

खाटेवरच्या मीराबाईला नंदिनीनं सगळं सांगितलं. "मी तं सांगूनच राह्यली होती," एवढंच ती बोलली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

औषधांनी जंतू मेले. पण हाड इतकं खाल्लं गेलं होतं की नवा सांधा बसवता आला नाही. पाय आखूड झाला तो झालाच. संत्र्यांचा हंगाम आला. टोपली नंदिनीनं शेजारणीला देऊन टाकली.

आता नत्थू रोज सकाळी चहा घेऊन तिच्याजवळ बसतो. "दुखते का वं?" असं विचारतो.

दुखत असतं. मीराबाई नाही म्हणते. सांगायचं तिनं सोडून दिलं आहे.