सदर बाजारात तेरा मुलं

विनोदिनी मेश्राम मुळातच भित्री. रायपूरजवळच्या बीरगांवच्या एका लहानशा खासगी शाळेत ती हस्तकला शिकवायची. वर्गात कोणी मोठा माणूस येऊन बसला, की ती फळ्याकडं तोंड करूनच बोलायची. छत्तीसगढ राज्य होऊन वर्षच झालं होतं. रायपूर राजधानी झालं, तरी मुलांच्या पुस्तकात अजून भोपाळच होतं. आपला इतिहास कुठं पाहायचा, असं पाचवीच्या मुलांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "लोकांच्या अंगावर. चला, दाखवते."

बेत असा, की सदर बाजारात सराफांकडे जुने चांदीचे दागिने पाहायचे, वहीत काढायचे आणि शाळेत येऊन पुठ्ठा नि चंदेरी कागदाचे करायचे. सोबतची दुसरी शिक्षिका ऐनवेळी आलीच नाही. बेत रद्द करायला हवा होता. पण चौदा मुलं बसमध्ये चढून बसली होती, आणि विनोदिनीला नाही म्हणवलं नाही.

तिसऱ्या दुकानातून निघताना तिनं मुलं मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेराच. दीक्षा नव्हती.

उरलेल्या मुलांना दुकानदाराच्या गादीवर बसवून ती धावत सुटली. एका पानवाल्यानं सांगितलं, दोन वेण्यांची एक मुलगी बूढा तालाबाकडे गेली. तलाव म्हटल्यावर तिनं चपला हातात घेतल्या. घाटावर बायकांचा घोळका वाकून पाण्यात काहीतरी पाहत होता. तिथवरचं अंतर ती कशी गेली, ते तिला पुढं कधीच आठवलं नाही. कोणाची तरी बादली बुडाली होती, एवढंच.

"ये टुरी मोर पाछू-पाछू आवत रहिस," मागून कोणी तरी छत्तीसगढीत म्हणालं, ही पोर माझ्या मागं-मागं येत होती. एक म्हातारी दीक्षाचा हात धरून उभी होती. गळ्यात चांदीचा जाड सुता, कड्यासारखा गोल.

दीक्षानं सुत्याचं चित्र काढलेली वही पुढं केली. "मॅडम, दुकान में सुता नहीं था. इनके गले में था."

शाळेत परतल्यावर मुख्याध्यापिका लता मॅडम म्हणाल्या, "पोट्टी सापडली ना? मग घरी कायले सांगता?"

विनोदिनीला क्षणभर हायसं वाटलं. तरी संध्याकाळी ती दीक्षाच्या दारात उभी होती. वडील हिरालाल नुकतेच उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून आले होते. तिनं सगळं सांगितलं, अडखळत.

"पोट्टी म्हणे, एका आजीसंग फिरली. हरवली होती, हे तुम्हीच सांगून राहिल्या. काहून?"

"दुसऱ्याकडून कळलं असतं, तर तुम्ही तिले पुन्हा माझ्यासंग धाडलं नसतं."

"आता धाडीन, हे कोणं सांगितलं?"

पदराचं टोक मुठीत आवळून ती नुसती उभी राहिली.

तेवढ्यात आतून हिरालालच्या आई, अंजनाबाई, बाहेर आल्या. "जाईल पोट्टी," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या खेपेला मी संग येईन."

घरी सांगितलं म्हणून लता मॅडमनी तिचा तास दोन महिने काढून घेतला. तो परत मिळाल्यावर विनोदिनी मुलांना कुंभारांच्या वस्तीत, कुंभारपाऱ्यात, मडकी घडताना पाहायला घेऊन गेली. रांगेच्या शेवटी अंजनाबाई होत्या. पुढं अशा कितीतरी खेपा झाल्या. प्रत्येक वेळी सकाळी ती डबा तसाच झाकून ठेवायची आणि मुलांची यादी पुन्हा पुन्हा मोजत बसायची. मग शाळेच्या फाटकाशी अंजनाबाई दिसायच्या आणि ती निघायची.